कॅम्बरवेल ते ग्रानेत्सा : नर्स व्हेरा ब्रिटनच्या वाटेवर

सोमवार, लंडन

डाउटी स्ट्रीटवर लोक येतात ते चार्ल्स डिकन्सचं घर बघायला. ४८ नंबरच्या दारापाशी चांगली गर्दी होती. आम्ही दोघी, मी आणि माझी भाची, तिथून पुढे ५८ नंबरपाशी थांबलो. भिंतीवर गोल निळी पाटी आहे. विनिफ्रेड होल्टबी आणि व्हेरा ब्रिटन या लेखिका पहिल्या महायुद्धानंतर इथे एकत्र राहत होत्या. आत जाता येत नाही, पाटी वाचायची आणि निघायचं. तरी मी बराच वेळ तिथे उभी होते. भाची लंडनमध्येच नोकरी करते, तिने ही पाटी कधी पाहिली नव्हती. "मावशी, ही इतकी मोठी लेखिका होती?" तिने विचारलं. मी म्हटलं, आठवडाभर माझ्याबरोबर हिंडशील, तेव्हा तुझं तू ठरव.

माझी नर्सच्या नोकरीतली बहुतेक वर्षं सर्जिकल वॉर्डात गेली. व्हेराचं 'टेस्टामेंट ऑफ यूथ' मी निवृत्तीनंतर वाचलं. १९३३च्या ऑगस्टमध्ये ते बाहेर आलं आणि पहिल्या आवृत्तीच्या ३००० प्रती त्याच दिवशी संपल्या. त्याच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण प्रेमकथेबद्दल लिहितात. प्रियकर, भाऊ आणि दोन मित्र असे चार तरुण युद्धात गेले, मागे उरलेल्या मुलीने त्यांची आठवण लिहिली. ते खरंच आहे. पण वाचताना मला सारखा ट्रेचा आवाज ऐकू येत होता. ही बाई जखम बघून लिहिते, आणि पुढे आयुष्यभर ती ज्या बाजूने उभी राहिली ती बाजूही तिने वॉर्डातच निवडली, असं माझं मत झालं. ते पडताळून बघायला मी ही वाट धरली.

दुपारी कॅम्बरवेलला गेलो. १९१५च्या शरदात ती इथल्या फर्स्ट लंडन जनरल हॉस्पिटलमध्ये रुजू झाली. सेंट गॅब्रिएल्स नावाचं मुलींचं कॉलेज लष्कराने ताब्यात घेऊन हे रुग्णालय थाटलं होतं. आता त्या लाल विटांच्या इमारतीत फ्लॅट आहेत. समोरच मायट्स फील्ड्स पार्क आहे, तिथे मुलं झोके घेत होती. व्हेरा तेव्हा २१ वर्षांची होती. घरची श्रीमंत, वडिलांची कागदाची गिरणी, स्वयंपाकघराशी कधी संबंध आलेला नाही. अशा हजारो मुली तेव्हा व्हॉलंटरी एड डिटॅचमेंटमध्ये, म्हणजे स्वयंसेवी मदतनीसांच्या पथकांत, दाखल होत होत्या. थोडकं प्रशिक्षण, निळसर गणवेश, छातीवर लाल क्रॉसचा एप्रन आणि वर्षाला २० पौंड. त्यांना व्ही.ए.डी. म्हणत. राहायची सोय चॅम्पियन हिलवर, तिथून रोज पायी ये-जा, पाऊस असो की बर्फ.

आम्ही ती वाट चाललो. चढ आहे. बारा तास उभं राहून झाल्यावर हा चढ चढायचा म्हणजे काय, ते पायांना विचारावं. भाची म्हणाली, "बस मिळत नसेल का?" ट्राम असायच्या, पण त्या खचाखच भरून यायच्या.

१ जुलै १९१६ला सॉमची लढाई सुरू झाली आणि जखमींचे लोंढे कॅम्बरवेलला येऊ लागले. व्हेराचा धाकटा भाऊ एडवर्ड त्याच सकाळी मांडीला आणि हाताला लागून पडला होता. काही दिवसांनी तोही जखमींच्या अशाच एका तुकडीबरोबर नेमका बहिणीच्याच रुग्णालयात येऊन दाखल झाला. या योगायोगाबद्दल तिने लिहिलंय, पण फार लांबण न लावता. वॉर्डात काम करणाऱ्या बाईला माहीत असतं की शेजारच्या खाटेवरचाही कुणाचा तरी भाऊच आहे.

मंगळवार, ऑक्सफर्ड

आज फार काही लिहिण्यासारखं नाही. सॉमरव्हिल कॉलेजची हिरवळ पाहिली. व्हेरा १९१४मध्ये इथे इंग्रजी साहित्य शिकायला आली. त्यासाठी तिला घरात मोठी झुंज द्यावी लागली होती, कारण मुलीला शिकवून काय करायचंय असं वडिलांचं मत होतं. वर्षभरातच लष्कराने कॉलेज घेतलं. शेजारच्या रॅडक्लिफ इन्फर्मरीची भिंत फोडून दोन्ही आवारं जोडली आणि इथे अधिकाऱ्यांचं रुग्णालय झालं. कवी सिगफ्रीड ससून आणि रॉबर्ट ग्रेव्ह्ज इथे रुग्ण म्हणून राहून गेले. व्हेराने मात्र उन्हाळ्यात पुस्तकं मिटली आणि आधी गावी, बक्स्टनच्या डेव्हनशायर हॉस्पिटलमध्ये, आणि मग लंडनला नर्सिंगचं काम धरलं.

१९१९मध्ये ती परत आली तेव्हा तिने विषय बदलला. इंग्रजी सोडून इतिहास घेतला. हे सगळं कसं घडलं, कुणी घडवलं, हे तिला कळून घ्यायचं होतं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. दुःखाने कविता लिहिणारी मुलगी तहांचे मसुदे वाचायला बसली.

याच कॉलेजात १८८९मध्ये कॉर्नेलिया सोराबजी आल्या होत्या, आपल्या नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या. ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकणाऱ्या त्या पहिल्या बाई. ही माहिती भाचीने मला सांगितली, आणि नाशिकचं नाव काढल्यावर तिचा चेहरा असा फुलला की मला बरं वाटलं.

बुधवार, ब्रायटन आणि होव

सकाळची गाडी धरून ब्रायटनला आलो. समुद्र राखाडी, वारा भरपूर. ग्रँड हॉटेल अगदी किनाऱ्यावर आहे, पांढरंशुभ्र, नक्षीदार गॅलऱ्यांचं.

१९१५च्या नाताळात व्हेरा या हॉटेलात वाट बघत होती. रोलंड लेटन, तिचा नियोजित वर, रजेवर येणार होता. २६ डिसेंबरला सकाळी फोन आला. तोच बोलतोय असं समजून ती धावत गेली. फोनवर त्याची बहीण होती. रोलंड २३ डिसेंबरला गेला होता. आदल्या रात्री चांदण्यात तारेच्या कुंपणाची पाहणी करताना त्याला गोळी लागली होती. वय २०.

हे बहुतेकांना ठाऊक असतं. मला सांगायचंय ते पुढच्या महिन्यातलं. जवळच्याच कीमर गावात रोलंडच्या आईवडिलांचं घर होतं. आघाडीवरून त्याच्या वस्तूंचं पार्सल तिथे आलं. व्हेरा त्या दिवशी तिथे पोचली. कपडे जमिनीवर पसरलेले. गोळीने भोक पडलेला अंगरखा, रक्ताचे डाग, आणि सगळ्यावर फ्रान्सचा चिखल. त्या कपड्यांच्या वासाबद्दल तिने एडवर्डला पत्रात लिहिलं. तो साधा चिखलाचा वास नव्हता, मेलेल्यांच्या मातीचा होता. रोलंडच्या आईला तो वास सहन होईना, हे कपडे जाळा नाहीतर पुरा, असं ती म्हणाली.

तेव्हा व्हेराला लंडनच्या वॉर्डात येऊन दोन-तीन महिने झाले होते. डाग बघून जखम कुठे आणि किती होती हे ती ओळखू शकत होती. तिच्या जागी दुसरी मुलगी असती तर कपडे उराशी धरून रडली असती आणि पत्रात तेवढंच लिहिलं असतं. व्हेराही रडली असेलच. पण तिने काय पाहिलं, कुठे पाहिलं, कसा वास आला, तेही नोंदवलं. आम्ही रात्रपाळीचा हँडओव्हर देताना असंच बोलतो. रुग्णाची आई शेजारी रडत असते आणि आपण जखमेतल्या नळीतून किती स्राव आला ते सांगत असतो. ज्यांनी हे काम केलं नाही त्यांना हे कोरडं वाटतं. त्यात कोरडं काही नसतं. मन कुठेतरी ठेवावं लागतं, म्हणून ते आकड्यांत आणि नोंदींत ठेवतात.

दुपारी रॉयल पॅव्हिलियनमध्ये गेलो. घुमट, मिनार, आत झुंबरं. १९१४च्या डिसेंबरपासून १९१६च्या जानेवारीपर्यंत हे हिंदुस्थानी शिपायांचं रुग्णालय होतं. झुंबरांखाली ओळीने खाटा, वेगवेगळ्या धर्माजातींसाठी वेगळी स्वयंपाकघरं, पाण्याचे वेगळे नळ. म्हणजे ज्या नाताळात व्हेरा किनाऱ्यावरच्या हॉटेलात थांबली होती, तेव्हा चालत जाण्याच्या अंतरावर आपली माणसं खाटांवर पडून होती. तिच्या पुस्तकात ती नाहीत. तिची त्यांच्याशी गाठ पडली नाही.

गावाबाहेर टेकडीवर छत्री आहे. दगडी पायऱ्यांवर पांढऱ्या संगमरवराचा लहानसा मंडप. इथे वारलेल्या ५३ हिंदू आणि शीख शिपायांना या जागेवर अग्नी दिला होता. १९२१मध्ये या छत्रीचं अनावरण झालं. वर पोचेपर्यंत मला धाप लागली होती. आजूबाजूला मेंढ्या चरत होत्या. आम्ही दोघींनी हात जोडले. भाचीने पायातले बूट काढून ठेवले होते, तिला कुणी सांगितलं नव्हतं.

उतरून होवच्या दफनभूमीत गेलो. इथे व्हिक्टर रिचर्डसन आहे. रोलंड, एडवर्ड आणि व्हिक्टर हे अपिंगहॅम शाळेतले जिवलग मित्र. एप्रिल १९१७मध्ये आरासच्या लढाईत गोळीने व्हिक्टरची दृष्टी गेली. व्हेरा तेव्हा माल्टाच्या लष्करी रुग्णालयात होती. त्याच महिन्यात चौथा मित्र, जेफ्री थर्लो, मारला गेला. तिने माल्टाचं काम सोडलं आणि आंधळ्या व्हिक्टरशी लग्न करायचं ठरवून ती इंग्लंडला आली. दोन आठवड्यांच्या आतच, ९ जूनला, तोही गेला. हा निर्णय काहींना भाबडा वाटतो. मला तो एका नर्सचा निर्णय वाटतो. रोलंडसाठी तिला काहीच करता आलं नव्हतं, इथे करण्यासारखं काम होतं.

गुरुवार, एताप्ल

भाचीने गाडी भाड्याने घेतली आहे. फोकस्टनला ती आगगाडीवर चढवली आणि समुद्राखालच्या बोगद्यातून अर्ध्या तासात फ्रान्समध्ये बाहेर पडलो. व्हेराच्या वेळी फोकस्टनहून बुलोनला बोटीने जात. बोटींशी तिचा आधीच परिचय झाला होता. माल्टाला जाताना ती 'ब्रिटानिक'वर होती, टायटॅनिकची धाकटी बहीण. तिला उतरवून दोन महिने होतात न होतात तोच, २१ नोव्हेंबर १९१६ला, ते जहाज सुरुंग लागून बुडालं.

एताप्ल हे कांश नदीच्या मुखाशी वसलेलं कोळ्यांचं गाव. दुसऱ्या काठावर ल तुके हे श्रीमंतांचं समुद्रकिनारी शहर. मधे वाळूच्या टेकड्या आणि पाइनची झाडं. १९१७मध्ये या वाळूत एक लाख सैनिकांची छावणी होती, आणि रुळांच्या कडेने रुग्णालयांची रांग. त्यांत मिळून २२,००० जखमी आणि आजारी माणसांची सोय होती. आपल्याकडच्या मोठ्यात मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या खाटा मनात मोजून पाहिल्या. अशी दहा-बारा रुग्णालयं वाळूवर, तंबूंत आणि लाकडी बराकींत.

आज त्यातलं काहीही नाही. उरलंय ते स्मशान. दहा हजारांहून जास्त कबरी उतारावर नदीकडे तोंड करून आहेत. त्याची रचना एडविन लट्यन्सची, ज्याने दिल्लीचं राष्ट्रपती भवन आणि इंडिया गेट बांधलं. दोन उंच दगडी कमानींवर दगडाचेच झेंडे आहेत, वाऱ्याने न हलणारे. खालून पॅरिसकडे जाणारी गाडी धडधडत गेली. याच रुळांवरून जखमी यायचे.

ऑगस्ट १९१७मध्ये व्हेरा इथल्या २४ नंबरच्या जनरल हॉस्पिटलमध्ये आली आणि तिला नेमलं गेलं जर्मन युद्धकैद्यांच्या वॉर्डात. तेही साधे रुग्ण नव्हेत, तातडीच्या शस्त्रक्रियेचे. हलवता न येणारे, बहुतेक मरणाच्या दारातले. शत्रूच्या माणसांसाठी सर्वांत चांगले हात कोण देणार? नवख्या मुलीलाही तिथे अशी कामं करावी लागत जी एरवी अनुभवी सिस्टरच करते.

तेव्हा प्रतिजैविकं नव्हती, हे आपण विसरतो. फ्लँडर्सची, म्हणजे तिथल्या आघाडीवरची, जमीन शेकडो वर्षं शेणखत घातलेली. तोफेच्या गोळ्याचा तुकडा अंगात शिरताना ती माती आणि कपड्याच्या चिंध्या घेऊनच आत जायचा. मग गॅस गँग्रीन, म्हणजे जंतूंमुळे मांस सडून आत वायू धरणं, बोटाने दाबलं की कातडीखाली बुडबुडे करकरतात. उपाय म्हणजे मेलेलं मांस कापून टाकायचं, जखम उघडी ठेवायची आणि क्लोरीनच्या द्रावणाने पुन्हा पुन्हा धुवायची. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला आमच्या वॉर्डात यूसॉलच्या बाटल्या असायच्या. जाळीदार कापडाची पट्टी बुडवायची, जखमेत भरायची, दुसऱ्या दिवशी काढायची. तो वास माझ्या हातातून कित्येक वर्षं गेला नाही. ते यूसॉल १९१५मध्ये एडिंबरोत तयार झालं, याच युद्धातल्या जखमांसाठी. मी इतकी वर्षं ते ओतत होते आणि ते कुठून आलं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

एडवर्ड त्या महिन्यांत बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर होता. इथून फार लांब नाही. भाऊ तिकडे जर्मनांवर गोळ्या झाडतोय आणि बहीण इकडे त्याच जर्मनांना वाचवायला धडपडतेय. व्हेराने हे स्वतःच लिहून ठेवलंय. ती आली होती मनात राग घेऊन. रोलंड, जेफ्री, व्हिक्टर या तिघांना ज्यांनी मारलं त्यांची ही माणसं. पण ज्याच्या पोटातल्या जखमेत तुम्ही हात घातलाय, त्याच्याबद्दल राग धरून ठेवायला फार मेहनत लागते. तिथल्या एका प्रशियन लेफ्टनंटची आठवण तिने दिली आहे. त्याला इंग्लंडला हलवत होते तेव्हा त्याने वाळलेला हात पुढे करून मोडक्या इंग्रजीत तिचे आभार मानले. तिने क्षणभर विचार केला आणि तो हात हातात घेतला. नियमाने बहुधा घ्यायला नको होता.

'द जर्मन वॉर्ड' नावाची तिची कविता आहे. १९१८मध्ये, युद्ध चालू असतानाच, तिचा 'व्हर्सेस ऑफ अ व्ही.ए.डी.' हा लहान संग्रह निघाला, त्यात ती आली. कविता म्हणून मला ती फार मोठी वाटत नाही, यमकं जुन्या वळणाची आहेत. पण १९१८च्या इंग्लंडात शत्रूच्या जखमांवर कविता छापायची आणि ती स्वतःच्या नावाने छापायची, याला धैर्य लागतं. तिला वाचक मिळाले ते १५ वर्षांनी, गद्यात. मधल्या काळात तिने हाच अनुभव कादंबरीत बसवायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. १९२८नंतर पुरुषांच्या युद्धकथांची लाट आली. त्यांत बायका म्हणजे घरी वाट बघणाऱ्या नाहीतर मूर्खासारख्या देशभक्तीची गाणी गाणाऱ्या. मग तिने ठरवलं की नावं, तारखा, पत्रं, सगळं जसंच्या तसं सांगायचं. डायरी आणि पत्रं तिने जपून ठेवली होती. दोन वर्षांनी बसून आठवलेली जखम आणि त्याच रात्री लिहून ठेवलेली जखम यांत फरक असतो, आणि तो पानापानावर जाणवतो.

त्याच हिवाळ्यात मस्टर्ड गॅस या विषारी वायूने भाजलेली माणसं येऊ लागली. अंगभर पिवळे फोड, चिकटलेले डोळे, श्वासासाठी धडपड. घसा बंद झाल्याची त्यांची तक्रार. तिने आईला पत्र लिहिलं. हे पवित्र युद्ध आहे, कितीही काळ चालो, असं म्हणणाऱ्या आणि भाषणं देणाऱ्या लोकांनी एकदा इथे येऊन यातला एक रुग्ण पाहावा, अशा अर्थाचं. मला वाटतं तिच्या पुढच्या सगळ्या लेखनाचं मूळ या पत्रात आहे.

एक गोष्ट मात्र मला खटकते आणि ती मी लिहिणार. प्रशिक्षित नर्सेसबद्दल व्हेराची लेखणी फार कडक आहे. त्या रूक्ष, कोत्या मनाच्या, नियमांना चिकटणाऱ्या, असं चित्र वारंवार येतं. काही असतीलही. पण त्या पगारावर जगणाऱ्या होत्या. त्यांना इंग्लंडात सरकारी नोंदणीचा कायदा मिळाला तो १९१९मध्ये, तोपर्यंत कुणीही पांढरा एप्रन घालून स्वतःला नर्स म्हणवू शकत होतं. श्रीमंत घरच्या हौशी मुलींना लोक 'देवदूत' म्हणत असताना त्यांच्या मनात काय येत असेल? एताप्लच्या जर्मन वॉर्डातल्या सिस्टरबद्दल मात्र व्हेरा मनापासून लिहिते. ती तऱ्हेवाईक, धाडसी, कुणालाही न जुमानणारी सिस्टर त्या पुस्तकातलं माझं सगळ्यांत आवडतं माणूस आहे.

मे १९१८मध्ये या रुग्णालयांवर बॉम्ब पडले. त्यात मेलेल्या काही नर्सेस इथेच पुरल्या आहेत. व्हेरा तेव्हा इथे नव्हती. एप्रिलमध्ये, जर्मन हल्ल्याचा जोर असताना, आई आजारी आहे म्हणून वडिलांनी तिला घरी बोलावून घेतलं होतं. मुलाला असं कुणी आघाडीवरून बोलावलं नसतं. तिने ते शेवटपर्यंत मनात ठेवलं, आणि तिच्या स्त्रीवादी लेखांमागे ही एप्रिलची ट्रेन मला दिसते. नर्सेसच्या दगडांपुढे मी थांबले. मलाही एकदा चांगलं चाललेलं काम सोडून घरी यावं लागलं होतं. तो विषय इथे नको.

शुक्रवार, लूव्हाँकूर आणि आरास

एताप्लहून आत, दूलाँच्या बाजूला, शेतांमधून रस्ता जातो. गहू गुडघ्याइतका आला होता. लूव्हाँकूरचं स्मशान लहान आहे, १५१ ब्रिटिश कबरी आणि काही फ्रेंच. युद्धानंतर लष्करी स्मशानं कशी बांधायची हे ठरवण्यासाठी आधी तीन नमुने केले, त्यातलं हे एक. आज जगभर दिसणारी ती सारख्या उंचीच्या पांढऱ्या दगडांची पद्धत इथून पक्की झाली. अधिकारी आणि शिपाई यांचे दगड एकसारखे.

रोलंडच्या दगडापाशी कुणीतरी जांभळी फुलं ठेवली होती. एप्रिल १९१५मध्ये त्याने खंदकाजवळच्या रानातून तोडलेली व्हायोलेट्स पत्रातून तिला पाठवली होती, आणि त्यांवर कविता केली होती. फुलं तोडताना जवळच एक सैनिक मरून पडलेला होता, हे त्याने पुढे सांगितलं. भाची कबरीजवळ गवतावर बसून ती कविता फोनवर वाचत होती. तिचं वय रोलंडपेक्षा थोडंच जास्त आहे. मी तिला वाचू दिलं आणि भिंतीपाशी जाऊन उभी राहिले.

आरासला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. तिथल्या स्मारकावर जवळजवळ ३५,००० नावं आहेत, ज्यांचा देह सापडला नाही त्यांची. जेफ्री थर्लोचं नाव शोधायला वेळ लागला. भित्रा म्हणून तो स्वतःला हिणवायचा आणि तरी परत आघाडीवर गेला. पुस्तकात त्याच्या वाट्याला थोडीच पानं आली आहेत, पण ती वाचून मला तो ओळखीचा वाटतो.

शनिवार, प्रवास

दिवस विमानतळांवर गेला. रात्री विचेन्झाला मुक्काम. चांगला भात मिळाला.

रविवार, ग्रानेत्सा

विचेन्झाच्या सपाटीवरून रस्ता वळणावळणांनी वर चढतो. आधी द्राक्षांचे मळे, मग चेस्टनट, मग नुसते पाइन आणि फर. वर आझियागोचं पठार. १९१८मध्ये ब्रिटिश तुकड्या इथे इटलीच्या मदतीला आल्या होत्या. पठारावर ब्रिटिशांची पाच लहान स्मशानं आहेत, ग्रानेत्सा त्यातलं एक. हिवाळ्यात बर्फामुळे इथे येता येत नाही.

१५ जून १९१८ला पहाटे ऑस्ट्रियन सैन्याने सान सिस्तोच्या कड्यावर हल्ला केला. एडवर्डने आपल्या लोकांना घेऊन गमावलेला खंदक परत मिळवला आणि थोड्या वेळाने तो डोक्यात गोळी लागून पडला. तार लंडनला पोचली २२ जूनला.

दगडावर त्याचं नाव आहे, पदक आहे, वय २२. चहूबाजूंनी झाडी, कुंपणाची दगडी भिंत, गवत नुकतंच कापलेलं. व्हेरा १९२१मध्ये विनिफ्रेडबरोबर इथे आली होती. आणि १९७०मध्ये ती गेल्यावर, तिच्या इच्छेप्रमाणे, तिची रक्षा तिची मुलगी शर्ली विल्यम्स हिने इथे भावाच्या कबरीवर आणून विसर्जित केली. शर्ली पुढे ब्रिटनच्या मंत्रिमंडळात होत्या. मला ही गोष्ट आधी माहीत होती, तरी तिथे उभं राहिल्यावर गळा दाटून आला. नवरा होता, मुलं होती, २९ पुस्तकं होती, पण जायचं होतं ते इथे.

एडवर्डबद्दल आणखी एक सत्य तिला उशिरा कळलं. 'टेस्टामेंट ऑफ यूथ' छापून झाल्यावर त्याच्या पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरने तिला सांगितलं की मरण्याच्या आदल्या दिवसांत एडवर्डवर चौकशीचं सावट होतं. पलटणीतल्या पुरुषाशी त्याचे संबंध असल्याचं पत्रांच्या तपासणीत उघड झालं होतं. त्या काळी याला लष्करी न्यायालय आणि तुरुंग होता. व्हेराने हे गाडून टाकलं नाही. १९३६च्या 'ऑनरेबल इस्टेट' या कादंबरीत तिने असाच एक सैनिक लिहिला आणि त्याच्या बाजूने लिहिला. भावाचा पुतळा करून ठेवणं तिला सोपं होतं.

भाची म्हणाली, "मावशी, इतकी माणसं गेल्यावर ती जर्मनांचा द्वेष करत बसली असती तरी कुणी तिला नावं ठेवली नसती."

मी म्हटलं, "जर्मन वॉर्डात काम केलं नसतं तर कदाचित केलाही असता." याची खात्री कुणाला देता येईल? पण ती पुढे जे जगली ते बघून मी असं म्हणते.

सोमवार, आझियागो

सकाळी आझियागोचं मोठं इटालियन स्मारक पाहिलं. टेकडीवर चौकोनी कमान, आणि खाली दालनांत ५०,००० हून जास्त सैनिकांची हाडं, इटालियन आणि ऑस्ट्रो-हंगेरियन एकाच छताखाली. एडवर्डवर गोळी झाडणारा कदाचित इथेच असेल.

परतीची बस दुपारी होती. कॉफीच्या टपरीवर बसून मी भाचीला व्हेराच्या दुसऱ्या युद्धाची गोष्ट सांगितली, कारण 'टेस्टामेंट ऑफ यूथ'शी थांबणारे वाचक ती सोडून देतात. १९३७मध्ये ती पीस प्लेज युनियनमध्ये गेली, कुठल्याही युद्धाला पाठिंबा देणार नाही अशी शपथ घेऊन. हिटलर समोर असताना ही भूमिका घेणं म्हणजे स्वतःच्याच लोकांच्या शिव्या खाणं. त्या भूमिकेशी मी पूर्ण सहमत नाही. हिटलरला शस्त्राशिवाय थांबवता आलं असतं असं मला वाटत नाही. पण १९४४मध्ये तिने 'सीड ऑफ केऑस' लिहिलं, जर्मन शहरांवर होणाऱ्या सरसकट बॉम्बहल्ल्यांविरुद्ध, तेव्हा तिने नुसती मतं मांडली नाहीत. हॅम्बुर्गसारख्या शहरात आगीत माणसांचं काय होतं ते तिने उपलब्ध बातम्यांतून जमवून एकेक करून सांगितलं. भाजलेल्या शरीरांची ती वर्णनं वाचताना मला एताप्लच्या मस्टर्ड गॅसचं पत्र आठवत होतं. तीच पद्धत. आधी रुग्ण दाखवायचा, मग विचारायचं की आता बोला. अमेरिकेत या लेखनावर केवढं काहूर उठलं. तिचा वाचकवर्ग तुटला, पुस्तकांचा खप घसरला. आणि युद्धानंतर १९४५मध्ये गेस्टापोची, हिटलरच्या गुप्त पोलिसांची, एक यादी सापडली, इंग्लंड जिंकल्यावर लगेच कुणाला पकडायचं त्याची. त्यात व्हेरा आणि तिचा नवरा जॉर्ज कॅटलिन, दोघांचीही नावं होती.

भाचीने विचारलं, "आणि मग?"

मग ती आपल्याकडे आली. गांधीजींच्या हयातीत ठरलेली, त्यांच्या हत्येमुळे लांबणीवर पडलेली जागतिक शांततावाद्यांची परिषद १९४९च्या डिसेंबरात भरली, आधी शांतिनिकेतनला आणि वर्षअखेरीस सेवाग्रामला. व्हेरा दोन्हीकडे होती. त्या प्रवासावर तिने 'सर्च आफ्टर सनराइज' हे पुस्तक लिहिलं, १९५१मध्ये आलेलं. म्हणजे एताप्लच्या वाळूतून निघालेली ही वाट वर्ध्यापर्यंत येते, आणि मला हे कळेपर्यंत इतकं वय झालं. मी सेवाग्रामला शाळेच्या सहलीतून गेले होते. बापू कुटी आठवते, बाकी काही नाही. आता दिवाळीनंतर, हवा थंड झाली की, तिथे जाणार आहे. भाचीला रजा मिळाली तर तीही येते म्हणाली. ते पुस्तक तिने परत येताना बसमध्येच फोनवर शोधून मागवलं.